गाडीला अर्थ लागेना

आमची पिकअप डोळे मारते, हे मला आधी जाऊबाईंनी सांगितलं. नाव गाडीचं होतं, रोख आमच्या यांच्यावर.

"भावोजी रोज संध्याकाळी त्या नव्या शिलाईवालीच्या दारात डिपर देतात," त्या शेंगा सोलता सोलता म्हणाल्या. "दोनदा. तेही गाडी हळू करून. मी आपलं दिसलं ते सांगितलं."

जाऊबाई दिसलं तेवढंच सांगून कधी थांबत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण त्यांची खिडकी बरोबर वळणावर आणि शिलाईवालीचं घर समोर. एकटी, हसतमुख बाई. तीन आठवड्यांपूर्वी राहायला आलेली. पडद्यांचं कापड तिच्याकडे मीच टाकून आले होते. तेव्हा यांनाच सोबत घेऊन गेले होते, म्हणजे ओळखही मीच करून दिलेली.

रात्रीच्या जेवणाला विचारलं, "अहो, गाडीचे दिवे मिचकतात का?"

"मिचकतात की. बल्ब सैल असेल."

"मग दाखवून आणा."

"बघू."

आम्ही खिडक्यांच्या काचा पोचवतो. गाडीला साधा ओरखडा पडला तरी यांच्या घशाखाली घास उतरत नाही. आणि दिवे मिचकतात, तर म्हणे बघू! माझ्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मीही गाडीत बसले. "काचा नीट बांधल्यात का बघते," म्हटलं आणि बघत राहिले यांच्या हातांकडे. त्या रस्त्यावर स्पीडब्रेकर एकच, वळणाच्या तोंडाशी. मागे काचा, म्हणून यांनी गाडी गोगलगायीसारखी चढवली. पुढची चाकं उतरली आणि दिवे दोनदा मिचकले, थेट शिलाईवालीच्या खिडकीवर. यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. पण तिनं खिडकीतून हात हलवला, आणि मग यांचा एक हात सुटला आणि हललाच.

"कुणाला हात केलात?"

"तुला केला तिनं. तू ढिम्म बसलीस, मग मी केला."

उत्तर इतकं तयार होतं की मला ते आवडलं नाही. शिवाय हात सरळ असले तरी पायांचं काय?

सकाळी हे मापं घ्यायला स्कूटरवर गेले, तशी मी पिकअप काढून वायरिंगवाल्याकडे नेली. त्याचं दुकान म्हणजे एक पत्र्याची शेड, भिंतभर टांगलेली वायरींची वेटोळी, आणि मधोमध बॅटरीवर ठेवलेला चहाचा कप.

"पायानं डिपर मारता येतो का हो?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "जुन्या ट्रकांना खाली बटण असायचं, वहिनी. हिला नाही. का?"

"सहज."

त्यानं बॉनेट उघडलं, दिवे लावले, बंपरवर गुडघा देऊन गाडी हलवली. दिवे मिचकले. बॅटरीला मीटर लावला; बॅटरी ठणठणीत. बल्ब दाबून पाहिले, घट्ट. मग दिव्याच्या काळ्या वायरीला एक सुटी वायर जोडली, तिचं दुसरं टोक थेट बॅटरीच्या मायनसला लावलं आणि पुन्हा गाडी हलवली. दिवे डोळे वटारून बघत राहिले. पापणी हलेना.

"अर्थ नाही, वहिनी."

"कशात?"

"गाडीत. अर्थाची वायर, म्हणजे अर्थिंग. करंट येतो बरोबर, पण परत जायला वाट नाही. बॉडीला अर्थ लागत नाही."

"मलाही दोन दिवस लागत नाहीये," मी म्हटलं.

त्यानं दिव्यामागचा बोल्ट दाखवला. दोन्ही दिव्यांच्या काळ्या वायरी त्याच एका बोल्टखाली. बोल्ट घट्ट, आणि त्याच्याखाली पांढराशुभ्र रंग. माझा रंग! पुढच्या पत्र्यानं गंज धरला म्हणून मीच तो बोल्ट काढला होता, रंगाचे दोन हात मारले होते आणि कौतुकानं परत कसला होता. कधी? शिलाईवाली आली त्याच आठवड्यात.

"रंगातून अर्थ जात नाही," वायरिंगवाला म्हणाला. मग मान खाजवली. "मागच्याच आठवड्यात दादांना हेच सांगितलं होतं."

"ते आले होते?"

"आले की. मी पॉलिश पेपर हातात घेतला, तर म्हणाले, थांब. बायकोनं दोन दिवस खपून रंगवलंय, खरवडलेलं दिसलं तर तिला लागेल. काही दुसरी युक्ती सुचते का बघू."

लपवत होते, हे मी बरोबर ओळखलं होतं. काय लपवत होते, तिथं माझी अक्कल शेण खायला गेली होती.

"इकडे द्या तो पेपर," मी म्हटलं. पत्रा लखलखीत होईपर्यंत मीच घासला आणि दहा नंबरच्या पान्यानं बोल्टही मीच आवळला.

दुपारी हे गाडी घेऊन गेले. संध्याकाळी मी जाऊबाईंच्या खिडकीत उभी राहिले. पिकअप स्पीडब्रेकरवर चढली, उतरली. दिवे सरळ रस्त्यावर.

"आज नाही दिला," जाऊबाई म्हणाल्या. बिचाऱ्यांची संध्याकाळच गेली.

घरी येऊन हे बराच वेळ बॉनेट उघडून उभे होते. मग आत आले, हात न धुताच.

"कुणी खरवडलं?"

"मीच. अर्थ लागत नव्हता."

यांनी खाली बघितलं. मग हळूच विचारलं, "आता लागला?"

"लागला," मी म्हटलं. "पण पडदे आणायला मी एकटीच जाणार."