खालच्या अंगाचं पाणी

सकाळी साडेसातला सिंधुबाईंनी रामकुंडात मुलाच्या अस्थी सोडल्या. त्याच सुमारास, कुंडाच्या खालच्या अंगाला पायरीवर बसलेल्या रंगनाथ मास्तरांनी काचेची बरणी नदीत बुडवून भरली. साल १९७८, कार्तिक महिना.

मास्तर शाळेत चित्रकला शिकवत. नदीचं चित्र नदीच्याच पाण्यानं रंगवायचं, हा त्यांचा जुना हट्ट. समोर धुक्यातला व्हिक्टोरिया पूल, कमानींतून उतरणारा कोवळा उजेड, काठची देवळं. आभाळाचा पहिला हात सुकत आला आणि त्यात राखाडी, बारीक रवा उमटला. असं आभाळ त्यांना उभ्या आयुष्यात साधलं नव्हतं.

पाठीमागे कुणी तरी उभं होतं. ओल्या पदराची बाई, सोबत तिचा दीर.

"दादा, पाणी कुठलं घेतलं?"

"इथलंच."

"आत्ताच?"

मास्तरांनी वळून पाहिलं. सिंधुबाईंची नजर चित्रातल्या आभाळावर होती.

"हितं कुंडात हाड इरघळून पाणी होतं म्हनून इगतपुरीवरून आणला त्याला," त्या म्हणाल्या. "तो निम्मा तुमच्या कागदावरच राहिला की. जाऊ द्या त्याला, दादा."

"अहो, हा रंगाचा गुण आहे. शाळेत मुलांना मी हेच शिकवतो." आवाजात हवा तेवढा जोर आला नाही.

दीर सहादू वैतागला होता. "एवढी लांब गंगा, गुरुजी, अन् बरणी भरायला हीच जागा भेटली का? चल वहिनी, एष्टी चुकंल."

"बाई, चित्र तुम्हीच न्या."

"नेऊन काय करू? भिताडाला टांगू त्याला?"

"पुरं होऊ द्या," मास्तर म्हणाले, "मी स्वतः सोडतो पाण्यात."

मास्तर माणसाचा शब्द. सिंधुबाईंनी हात जोडले आणि त्या गेल्या.

चित्र पुरं झालं. मास्तरांनी ते पाण्यापर्यंत नेलं, आणि तसंच घरी आणलं.

पुढच्या महिन्यात मुंबईच्या प्रदर्शनासाठी चित्रं निवडणारे गृहस्थ आले. बाकीची त्यांनी नुसती चाळली, याच्यापाशी थांबले.

"आभाळ कसं जमवलंत हो?"

"पाण्याचा गुण," मास्तर म्हणाले.

सोमवारी चित्र मुंबईला जायचं होतं. रविवारी सकाळी ते काखेत घेऊन मास्तर त्याच पायरीवर येऊन बसले. वर कुंडात कुणाच्या तरी अस्थी सोडणं चाललं होतं. ऊन पुलावर आलं, तरी ते बसूनच होते. चित्रावर अजून सही नव्हती.