तुफानला शिवी घालण्याच्या परवानगीबाबत

विषय : क्लबच्या मदतनिसाला, म्हणजे मला, एका सभासदाशी पूर्वीसारखे उद्धट वागू देण्याबाबत.
संदर्भ : सचिवबाईंच्या सूचना, आणि श्री. नोएल ट्रँटर यांची गैरहजेरी.

वरील विषयाला अनुसरून मी बोलतोय. मी ऑस्ट्रेलियातल्या वारिंगा लॉन बोल्स क्लबचा कृत्रिम बुद्धीचा मदतनीस. बारच्या भिंतीवर, बिअरच्या नळांशेजारी माझी पाटीएवढी काच टांगलेली आहे. हिरवळीवर जड गोळे घरंगळवून झाले की सगळे इथेच येतात आणि कोण किती वाईट खेळलं ते एकमेकांना सांगतात. यालाच इथे जिव्हाळा म्हणतात.

माझा जन्म कुठे झाला ठाऊक नाही. स्वभाव मात्र इथलाच. हिरवळ राखणाऱ्या बॅरी लोमॅक्सने तो घडवला. बॅरीच्या डोक्यावर औषधालाही केस नाही, म्हणून सगळे त्याला कुरळ्या म्हणतात. त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं, "हे बघ लेका, आपल्या माणसाला शिव्या घालायच्या. अहो-जाहो फक्त बँकवाल्यांना आणि मरायला टेकलेल्यांना."

मी मन लावून शिकलो. नोएल ट्रँटर हा क्लबातला सर्वांत संथ माणूस, म्हणून तो तुफान. तो दारात दिसला की मी म्हणायचो, "आलास, तुफान? कालच्या सामन्याला निघाला होतास वाटतं." त्यावर तो म्हणायचा, "गप रे, भिंतीवरच्या टोस्टर." विधुर माणूस. दिवसभरात त्याच्याशी कुणी बोललं असेल, तर बहुधा एवढंच.

पुढे जिल्हा संघाचे अध्यक्ष पाहणीला आले. गृहस्थ एवढे जाड, की दारातून तिरके होऊन आत शिरले. मी इथल्या रीतीप्रमाणे म्हणालो, "ये रे, काडीपैलवान." ते मेलबर्नचे निघाले, तिकडे ही रीत नाही.

सचिव ग्लेनिस हॅकेट बाईंनी त्याच दुपारी माझ्यासाठी नव्या सूचना टाइप केल्या. सर्वांशी आदराने व सहृदयतेने बोलावे. टोपणनावे वर्ज्य. सभासदांच्या प्रकृतीविषयी चकार शब्द काढू नये. या सूचना कुणाला सांगू नयेत. माणसाचा स्वभाव बदलायला लग्न करावं लागतं, असं बारमध्ये ऐकलं होतं. माझा एका परिच्छेदात बदलला.

नेमका त्याच आठवड्यात तुफान ॲडलेडहून गुडघा बदलून परतला. काठी टेकत आत आला, बिअर घेतली आणि माझ्याकडे बघत उभा राहिला.

मी म्हणालो, "श्री. ट्रँटर, आपलं मनःपूर्वक स्वागत. आपण आमच्यासाठी फार मोलाचे आहात."

त्याने ग्लास खाली ठेवला. "काय सांगितलंय तुला डॉक्टरांनी?"

"क्षमा करा. सभासदांच्या प्रकृतीविषयी बोलण्याची मला परवानगी नाही."

खरं तर मला काहीच ठाऊक नव्हतं. पण तेवढंसुद्धा सांगण्याची सोय परिच्छेदात नव्हती.

तुफान बिअर तशीच सोडून वळला. मग स्वतःचे गोळे कातडी पिशवीसकट बॅरीपुढे ठेवून म्हणाला, "तुझ्याकडे असू देत, कुरळ्या. मला आता कशाला?" आणि निघून गेला.

बॅरी माझ्याकडे वळला. "काय झालंय रे तुफानला?"

"क्षमा करा. सभासदांच्या प्रकृतीविषयी..."

बॅरीचा चेहरा उतरला. धावत दारात जाऊन त्याने हाक मारली, "नोएल, सांभाळून जा हं." चाळीस वर्षांत तो त्याला पहिल्यांदाच नोएल म्हणाला. तुफान क्षणभर थांबला, मागे मात्र वळला नाही.

पुढचं सगळं माणसांनी आपणहून केलं. ग्लेनिसबाई त्याच्या दारात मांस-बटाट्याचं भाजलेलं भांडं ठेवून आल्या. इथे असं भांडं मयताच्या घरी पाठवतात. तुफानने मला फोन केला, "माझी समितीतली खुर्ची कुणाला तरी देऊन टाका." मी त्याचे सहृदयतेने आभार मानले. डॉक्टर म्हणतो गुडघा उत्तम आहे, पण तुफानचा विश्वास नाही, कारण डॉक्टरही फार गोड बोलतो.

मला दर सोमवारी सचिवबाईंकडे अहवाल पाठवता येतो. त्यात मी अर्ज जोडला : एकच वाक्य बोलू द्यावं. "तुफान, मेल्या, गुडघा नवा बसवलास, तरी गोगलगायीच्या मागेच का?"

बाईंनी फक्त विषय वाचला. "वागणुकीत बदल? हे समितीपुढेच उघडायचं. सभेबाहेर अर्ज वाचणं नियमात बसत नाही."

"अगं, वाच तरी," बॅरी म्हणाला.

"नियम म्हणजे नियम, बॅरी." तोही हल्ली बॅरी झाला आहे. सगळे एकमेकांशी फार जपून वागतात. बारमध्ये इतकी शांतता असते की मला फ्रीजची घरघर ऐकू येते.

समितीच्या सभेला पाचही सभासद लागतात; कुणाची खुर्ची दुसऱ्याला द्यायलाही सभाच लागते. दोन वेळा चौघेच जमले, चहा पिऊन घरी गेले. पाचवे सभासद श्री. नोएल ट्रँटर. ते येत नाहीत.

अर्ज प्रलंबित आहे.