उंबरा पुढे, सरकार मागे

बोरहळ्ळीचं संस्थान एकूण चार गावांचं. त्यातलं एक पावसाळ्यात पाण्याखाली जायचं, तेवढे दिवस तीन गावांचं. तरी राजा तो राजा. श्रीमंत विरुपाक्षराजे सरकारांचं नाव दिल्लीच्या कागदावर होतं, आणि सोलापुरात भवानी पेठेत, नरसय्याच्या यंत्रमागांच्या वरच्या मजल्यावर, त्यांचा दरबार भरत होता. दरबारात माणूस एकच, धुळा. तोच भालदार, तोच चोपदार, तोच कारभारी, आणि भाकरीही तोच थापायचा. सरकार बाहेरच्या खोलीत यायचे तेव्हा तो ललकारी द्यायचा आणि मग स्वतःच रांगेत उभा राहून मुजरा करायचा. रांग कधी वाकडी झाली नाही.

एकाहत्तरच्या दिवाळीत राणीसाहेब गेल्या. रुद्राणीबाईंना ताप चढला तो त्यांना घेऊनच उतरला. लिंगायत रीतीप्रमाणे त्यांना बसवून माती दिली. सरकार रडले नाहीत. घरी आले आणि हुकूम सांगायला बसले.

"दरबारी दुखवटा. गोडधोड शिजणार नाही. वाद्य वाजणार नाही. राजा दाढी करणार नाही, आणि राहत्या घराचा उंबरा ओलांडणार नाही. पुढील हुकूम होईपर्यंत."

धुळानं हलगी बडवत हे सगळं पेठेत पुकारलं. पेठेनं ऐकून घेतलं आणि परत चादरी विणायला लागली. वाद्य वाजणार नाही हे सांगायला हलगी कशी काय वाजवली, असं नरसय्यानं विचारलं. पुकारून संपेपर्यंत हुकूम लागू होत नाही, असं धुळाचं म्हणणं पडलं. मागांचा खडखडाट काही थांबला नाही. पण मधेच लाईट जायची आणि सगळे माग एकदम गप्प व्हायचे. तेव्हा सरकार मान डोलावून म्हणायचे, "नरसय्या हुकूम पाळतो हो."

डिसेंबर संपता संपता रेडिओनं सांगितलं की देशात आता राजे नाहीत. तनखे बंद, पदव्या बंद. सरकारांनी रेडिओ बंद करायला लावला आणि बराच वेळ दाढीवरून हात फिरवत बसले.

"धुळा, आता दुखवटा कोण उठवणार?"

"तुमीच की, सरकार."

"आम्ही कोण?"

ह्याचं उत्तर धुळाला सगळ्या पदव्यांसकट पाठ होतं. पण ते म्हणणं आता गुन्हा आहे की काय ह्याची खात्री नव्हती.

अडचण साधी होती. हुकूम काढला तेव्हा सरकार राजे होते, म्हणून हुकूम पक्का. पुढचा हुकूम राजानंच काढायचा, आणि राजा तर उरला नाही. कायदा मोडणं सरकारांच्या रक्तात नव्हतं. ते घरातच राहिले. दाढी छातीवर आली.

उन्हाळ्यात त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा काळा पडला. साखरेचा आजार जुना. डॉक्टर जिना चढून आले, अंगठा बघितला, वास घेतला.

"लगेच दवाखान्यात आणा, अंगठ्यावर भागेल. उशीर केलात तर पाय जाईल. त्याहून उशीर केलात तर मला बोलावू नका."

"उंबरा आहे," सरकार म्हणाले.

डॉक्टरांनी उंबऱ्याकडे बघितलं. त्यांना तो चांगला सागवानी वाटला. तसं बोलून ते गेले.

धुळा मठात धावला. शिवयोगी स्वामींनी सगळं ऐकलं आणि हसले. "अरे, आपल्यात सुतकच नाही. अंगावर लिंग आहे त्याला सुतक कसलं? जे लागलंच नाही ते मी उठवू कसं?" स्वतःचं उत्तर त्यांना इतकं आवडलं की त्यांनी धुळाला पेढा दिला. गोड चालत नाही म्हणून धुळानं तो मठाच्या गाईला घातला.

"स्वामी बरोबर बोलले," सरकार म्हणाले. "सुतक धर्माचं असतं. आमचा दुखवटा दरबाराचा. दरबार आता कुणाकडे गेला? कचेरीकडे. तिथं विचार."

कचेरीत दुष्काळी कामांवर नाव लावायला आलेल्यांची रांग दारापर्यंत आली होती. धुळा रांगेतून शिवशरण कारकुनापर्यंत पोचला.

"खडी फोडायला येतोस?" शिवशरणनं मान वर न करता विचारलं.

"न्हाई साहेब. दुखवटा उठवायचा हाय. बोरहळ्ळीच्या राणीसाहेबांचा."

शिवशरणनं मान वर केली. "राजे रद्द झाले की रे."

"व्हय. मग त्यांचा हुकूम बी रद्द झाला, आसं ल्हून द्या."

शिवशरण वाईट माणूस नव्हता. त्यामुळे त्यानं खरोखर विचार केला, आणि तिथंच घात झाला.

"तसं नाही लिहिता येत. संस्थानांचे जुने हुकूम नवा निघेपर्यंत चालूच राहतात. विहिरींचे, वतनांचे, सगळेच. तुझा एक रद्द केला तर उद्या सगळे येतील."

"मग नवा तुमी काडा."

"कसा काढू? राणी आमची नव्हती ना."

मागची रांग ढकलायला लागली. धुळा बाहेर आला. ऊन असं होतं की कचेरीपुढची कुत्रीसुद्धा भुंकायचं काम पुढं ढकलत होती.

घरी जिन्यापाशी नरसय्या सुताची बॉबिनं मोजत बसला होता. "काय धुळाण्णा, सुटले का तुमचे राजे? त्या उंबऱ्याला पाय फुटायला पायजेत बगा. तोच दवाखान्यात जाईल पुढं, आन राजे मागनं."

तो टोमणा होता. धुळानं तो सूचना म्हणून घेतला.

सरकारांनी बराच विचार केला. अंगठ्याचा काळेपणा तोवर घोट्याच्या वर आला होता आणि खोलीत उदबत्ती लावूनही भागत नव्हतं. "ओलांडणार नाही, असे शब्द आहेत," ते शेवटी म्हणाले. "मागून चालणार नाही, असे नाहीत."

नरसय्यानं पहार आणली. चौकटीतून उंबरा निघाला तेव्हा अर्धा गिलावा खाली आला. टांग्यात पुढं, टांगेवाल्याच्या शेजारी, नरसय्या मांडीवर उंबरा आडवा घेऊन बसला. मागं सरकार. टांग्याबरोबर चालत धुळा. जुनी ललकारी द्यायची तर पदव्या रद्द झालेल्या, म्हणून तो नुसता "होऽऽ" एवढंच ओरडत होता. पुढं कुठला तरी देव चाललाय अशा समजुतीनं एका म्हातारीनं टांगा थांबवून उंबऱ्याला हळदीकुंकू वाहिलं. एकीनं नारळ फोडला. खोबऱ्याचा तुकडा सरकारांपुढं केला तेव्हा त्यांनी विचारलं, "हे गोडात धरायचं का?" धुळा म्हणाला, "धरायचं न्हाई." सरकारांनी तरी खाल्लं नाही.

दवाखान्यात ओसरीपर्यंत सगळं रीतसर झालं. ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी नर्सबाईंनी हात आडवा धरला.

"हे लाकूड आत नाही येणार."

"लाकूड न्हाई बाई. उंबरा हाय."

"त्याला भोकं पडलीत. किडे असतील. बाहेर ठेवा."

उंबरा दारात ठेवावा लागला. आता पुन्हा तेच झालं. अलीकडे सरकार, मधे उंबरा, पलीकडे डॉक्टर. डॉक्टरांनी धोतर गुडघ्यापर्यंत सारून बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "आत्ता आत घ्या. तरीही सांगता येत नाही," म्हणून ते हात धुवायला गेले.

धुळा सरकारांच्या पायाशी उकिडवा बसला.

"सरकार, राज्य न्हाई तर न्हाई. म्या हाय की रयत. तुमी नुसतं तोंडानं म्हना, दुखवटा उठला. म्या ऐकतो."

सरकार उंबऱ्यावरच्या हळदीकडे बघत होते.

"राजे जाणार हे दिवाळीपासून पेपरात येत होतं, धुळा. रेडिओ तर शेवटी बोलला. आम्हाला ठाऊक होतं. तुलाही असणार. तू रोज सकाळी दौत आणि टाक आमच्यापुढं आणून ठेवत होतास."

"व्हय."

"दुखवटा उठवायची सही करायला भरपूर वेळ होता."

"मग का न्हाई केली?"

"केली असती तर दुसऱ्या दिवशी दाढी करून शिरा खावा लागला असता," सरकार म्हणाले. "आणि रुद्राणी खरंच गेली असती."

धुळाच्या छातीत काहीतरी जळजळलं. आधी त्याला ते पित्त वाटलं. सरकारांचा राग त्याला उभ्या जन्मात आला नव्हता, त्यामुळे तो कसा असतो हे त्याला माहीत नव्हतं. मठ, कचेरी, पहार, टांगा, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मग तो उठला. धनगराचं पोर. आजारी मेंढरू घेतात तसं त्यानं सरकारांना दोन्ही खांद्यांवर आडवं घेतलं आणि उंबऱ्यावरून पाय टाकला. सरकार मेंढरापेक्षा हलके झाले होते. त्यांनी हातपाय झाडले नाहीत. आत टेबलावर ठेवताना फक्त डोळे मिटून घेतले.

पाय मांडीपासून काढला. तरी उपयोग नव्हता. विष पुढं गेलं होतं. डॉक्टरांनी हे ओसरीवर उंबऱ्याच्या अलीकडे उभं राहून सांगितलं आणि मग तो ओलांडून आत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरकार शुद्धीवर आले. त्यांनी धुळाला ओळखलं.

"धुळा, आम्ही तुला कामावरून काढलं आहे."

"न्हाई काडता येनार, सरकार," धुळा म्हणाला. "तुमचा हुकूम चालत न्हाई आता."

सरकारांनी ह्यावर विचार केला. मुद्दा बिनतोड होता. त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

धुळानं पेल्यात पाणी घेतलं आणि त्यांच्या ओठांशी नेलं. ओठ उघडले नाहीत. त्यानं पेला दुसऱ्या बाजूनं, भिंतीकडून, नेऊन बघितला. तिकडूनही उघडले नाहीत. दवाखान्याच्या मल्लप्पा शिपायानं कोपऱ्यातलं स्टूल त्याच्यामागं सरकवलं.

"बसा की मामा. किती वेळ हुबं ऱ्हानार?"

"त्यांच्यापुढं स्टुलावर बसायची रीत न्हाई," धुळा म्हणाला.

संध्याकाळकडे सरकारांचा श्वास मोठ्यानं आणि लांब लांब अंतरानं यायला लागला. नर्सबाई आल्या, नाडी बघून गेल्या. धुळा पेला हातात धरून उभाच होता. मधे एकदा त्यानं त्यातलं कोमट झालेलं पाणी खिडकीतून टाकून दिलं आणि दुसरं भरून आणलं.