बॅटरीच्या खोक्यातली अश्वगंधा

चार्जिंगला सगळे चार्जिंगच म्हणायचे. गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतल्या शिशाच्या पट्ट्या काढायच्या, त्यातल्या धड असतील त्या जुळवून बॅटरी पुन्हा उभी करायची, हा त्याचा धंदा. खरं नाव फक्त ताईला आठवायचं, तेही रागावली की. आईच्या माघारी तिनंच त्याला वाढवलं होतं, शिलाई मशीन मारून. तिचा नवरा गेला, मुलगी लग्न होऊन लांबच्या शहरात गेली, तेव्हापासून बहीणभाऊ एकाच घरात राहत. खाली त्याचं दुकान, मधे तिचं मशीन, वर गच्ची.

मग ताई थकायला लागली. "अंगात जीवच नाही रे," म्हणायची. चार्जिंगने कुणाकडून तरी अश्वगंधेचं बी आणलं आणि मनावर घेतलं. याने मनावर घेतलं की दुसऱ्याचं ऐकायचं नाही, तिथंच तर घात झाला. कुंड्या कशाला हव्यात? बॅटऱ्यांची रिकामी खोकी दुकानात पडलेलीच होती. पाण्याने विसळली, तळाला भोकं पाडली. माती भरली तीही दुकानामागची, जिथं खोकी धुतल्याचं पाणी जायचं आणि गवतसुद्धा धरत नव्हतं. का, तर अश्वगंधेला हलकी जमीन मानवते असं त्याने ऐकलं होतं. हलकी आणि नासलेली यातला फरक विचारायचं काही त्याला सुचलं नाही.

झाडं मात्र आली. फळं लाल झाल्यावर त्याने मुळं उपटली, वाळवली, कुटली, वस्त्रगाळ पूड केली. त्याला स्वतःला त्या वासाने मळमळायचं, म्हणून तो कधी जिभेवर ठेवायचा नाही. डबा ताईच्या मशीनशेजारी.

"लाव बाबा मला चार्जिंगला," म्हणत ती रोज दुधातून घ्यायची. आठवडाभरात तरतरी आली म्हणाली. खरंच आली की भावाचं मन राखलं, कोण जाणे. तो मात्र हवेत.

दुसऱ्या वर्षी तिच्या हातातून कात्री पडायला लागली. आधी वाटलं, वय झालं. मग मनगटच वर होईना, पंजा लोंबकळायचा. शाळेच्या गणवेशांचं काम हातचं गेलं. जिने आयुष्यभर कुणापुढे हात पसरला नाही, तिला आता दुधाचा पेला धरायलाही दोन्ही हात लागत.

"एकाने भागत नाही, दोन चमचे घेत जा," चार्जिंग म्हणाला. डबा भराभर संपायला लागला, तसं त्याला बरंच वाटलं.

शेवटी दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी दोघांचंही रक्त तपासलं आणि ताईला बाहेर बसवून त्याला आत घेतलं.

"शिसं आहे. तुमच्या रक्तात आहे, ते समजू शकते, तुमचा धंदाच तो. पण यांच्या रक्तात तुमच्या तिप्पट कसं? या असं काय खातात, जे तुम्ही खात नाही?"

"काही नाही हो. एकाच भांड्यातलं खातो आम्ही," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याला मशीनशेजारचा डबा आठवला.

मग त्याने सगळं सांगितलं. हात पूर्वीसारखे होतील का, हेही विचारलं. "आजच बंद करा. थोडे सुधारतील. पूर्ण होतील असं सांगत नाही," बाई म्हणाल्या.

वाटेत ताईला सांगायची त्याची छाती झाली नाही. घरी आल्या आल्या तो गच्चीवर गेला आणि झाडं उपटायला लागला. आवाज ऐकून ताई भिंतीला खांदा लावत वर आली.

"अरे, माझं औषध आहे ते! काही उपयोग नाही म्हणाली का ती? एवढ्यात आशा सोडलीस माझी?"

"औषध नाही गं ते ताई. विष आहे. मीच पिकवलं," तो म्हणाला, आणि मातीचं, खोक्यांचं सगळं सांगून टाकलं. हमसून रडला. चाळिशी ओलांडलेला माणूस, पण रडला.

ती कठड्यापाशी बसली. तो शिव्यांची वाट बघत होता. तिने मारलं असतं तरी त्याला हलकं वाटलं असतं, पण मारायला तिचे हात कुठे होते?

"मी एकच चमचा घ्यायचे रे," ती म्हणाली.

"मग डबा कसा संपायचा?"

"पोरीला पाठवायचे. बाळंतपणात पार गळून गेली होती. दर महिन्याला पाठवते. बाळ अजून अंगावर पितंय तिचं. फोन लाव. माझ्याने नाही दाबला जात."

त्याने फोन लावला, स्पीकरवर टाकला.

"मामा, शंभर वर्षं आयुष्य आहे तुला," भाची पलीकडून हसत म्हणाली. "आत्ता तुझंच नाव काढलं होतं. पूड संपलीय, पाठव ना. आणि आईला सांग, बाळ आता मुळीच त्रास देत नाही. रडत नाही, हातपाय हलवत नाही, ठेवलं तिथं नुसतं पडून असतं."