आईची वचनं

पेंटरताईला कुणी घाई केलेली मुळीच खपत नसे, आणि पाळकसाहेबांनी नेमकी तीच केली. "रविवारपर्यंत झालं पाहिजे हं, ताई," एवढं बोलून ते सायकलवर बसले आणि गेलेसुद्धा. ताई चर्चच्या मागच्या सभागृहात कमरेवर हात ठेवून दाराच्या वरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत उभी राहिली. तिथं एकच वाक्य रंगवायचं होतं: 'दारात आलेल्याला आधी पाणी द्या, नाव नंतर विचारा.' आणि खाली उजव्या कोपऱ्यात, लहान अक्षरात, शास्त्रातला अध्याय आणि वचनाचा क्रमांक.

घाई खपत नसली तरी या कामाचं तिला कोण कौतुक! ते वाक्य तिच्या धाकट्या भावाच्या तोंडून आलं होतं ना.

भाऊ शिलाई मशीन दुरुस्त करायचा. बुटका, गोल, सदान्‌कदा कुठंतरी गरगरत असलेला, म्हणून सगळी मंडळी त्याला मशीनमधल्या दोऱ्याच्या रिळावरून बॉबिन म्हणत, आणि आता दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारली तर त्याला ऐकूही येत नसे. मोठ्या माणसांच्या शास्त्रवर्गाला शिकवायचं, हे त्याचं कैक वर्षांचं स्वप्न. दोनदा त्यानं नाव दिलं होतं आणि दोनदा चर्चच्या पंचांनी "पुढच्या वेळी बघू" म्हणून त्याची बोळवण केली होती, कारण धर्मशिक्षणाच्या कॉलेजची पायरी काही त्यानं चढली नव्हती. या खेपेला जुने शिक्षक थकले, जागा रिकामी झाली, आणि पंचांनी ठरवलं की दोन्ही उमेदवारांनी तीन-तीन रविवार वर्ग घ्यावा, मग निकाल. दुसरा उमेदवार कॉलेजवाला, घुमणाऱ्या आवाजाचा, एकेका शब्दाची मुळं खणून काढणारा. त्याच्या तिन्ही रविवारी मंडळी थक्क झाली आणि घरी पोचेपर्यंत सगळं विसरली. बॉबिनचे दोन रविवार झाले होते. दुसऱ्याला त्यानं ते पाण्याचं वाक्य सांगितलं, "शास्त्रात लिहिलंय" म्हणाला, आणि सभागृहात असं काही 'आमेन' झालं की पाळकसाहेबांनी तिथल्या तिथं ते भिंतीवर घ्यायचं ठरवलं.

आता उरला होता एकच रविवार. या वेळी आमच्या बॉबिनची निवड झालीच पाहिजे, अशी ताईनं मनाशी गाठ बांधली होती. ती त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. वडील लवकर गेले, आई लाँड्रीत दिवसभर इस्त्री करायची, तेव्हा त्याचं नाक पुसण्यापासून त्याला धंद्याला लावण्यापर्यंत सगळं तिनंच केलं होतं. त्याला नकार मिळाला की दोन-दोन आठवडे जेवण जायचं नाही ते हिला.

ताईची कामाची रीत ठरलेली. दोरीला खडू लावून भिंतीवर रेषा मारायच्या, अक्षरं मोजायची, वाक्याच्या मधलं अक्षर भिंतीच्या बरोब्बर मध्यावर पेन्सिलीनं काढायचं आणि तिथून दोन्ही अंगांना सरकत जायचं. गुरुवारी दुपारपर्यंत वाक्य निळ्या रंगात झकास उभं राहिलं. राहिला तो खालचा संदर्भ. तिनं बॉबिनला फोन केला.

"अगं, शास्त्रातल्या पत्रांमध्ये कुठंतरी आहे बघ," तो म्हणाला. "लहानपणापासून पाठ आहे, शोधायची वेळच कधी आली नाही. तूच बघ ना, मला संध्याकाळपर्यंत तीन मशीनी द्यायच्यात."

ताईनं पाळकसाहेबांकडून जाडजूड शब्दसूची आणली. कुठला शब्द शास्त्रात कुठं कुठं आला, हे तिच्यात ओळीनं दिलेलं असतं. 'पाणी' उघडलं. विहिरी आल्या, नद्या आल्या, रांजण आले, पूर आला. 'दार' पाहिलं. 'नाव' या शब्दाला तर पानंच्या पानं होती, तीही तिनं बोट ठेवून संपवली. शुक्रवारी सकाळी चष्मा काढून तिनं डोळे चोळले. पाहुणचाराचं होतं, तहानलेल्याचं होतं, जवळपास जाणारं बरंच होतं. हे वाक्य मात्र नव्हतं.

आणि मग ते तिला ऐकू आलं, आईच्या आवाजात, इस्त्रीच्या वाफेतून. "दारात आलेल्याला आधी पाणी द्या, नाव नंतर विचारा, असं देवानं लिहून ठेवलंय, ऊठ!" आईला अक्षर वाचता येत नव्हतं. उपदेश कान देऊन ऐकायचा आणि घरी येऊन आपल्या भाषेत सांगायचा, हे तिचं शास्त्र. ती खोटं बोलायची असं नाही. एखादी गोष्ट तिला मनापासून पटली की ती देवानं म्हटलेलीच असणार, अशी त्या बाईची खात्रीच होती. 'बशीत शेवटचा घास ठेवणाऱ्यावर प्रभू रुसतो.' 'मोजे हरवणाऱ्याची प्रार्थना उशिरा पोचते.' दोघं भावंडं ही वचनं म्हणतच मोठी झाली होती.

ताई हसली, आणि हसता हसता थांबली. कारण आईचं आणखी एक वचन होतं, ते एकटीला सांगितलेलं. ताई बावीस वर्षांची होती तेव्हा दूरच्या शहरातल्या चित्रशाळेनं तिला जागा दिली होती. कागद हातात होता, ट्रंक भरलेली होती. आई इस्त्री खाली ठेवून म्हणाली होती, "थोरलीनं आधी धाकट्याचा हात धरावा, मग आपली वाट, असं देवाचं वचन आहे बाळा." देवापुढं कोण बोलणार? ताईनं ट्रंक उपसली आणि दुकानांच्या पाट्या रंगवायला शिकली. शब्दसूची अजून समोर उघडीच होती. 'हात' शोधायला दोन मिनिटं लागली असती. ताईनं ती मिटली आणि भावाचं दुकान गाठलं.

बॉबिन एका जुन्या मशीनच्या पोटात डोकं घालून बसला होता. ताईनं सगळं सांगितलं तसा तो आधी इतका हसला की हातातला तेलाचा डबा सांडला.

"म्हणजे आईनं आपल्याला गंडवलं! आणि मोज्यांचं?"

"नाहीये."

"बशीतला घास? अगं, त्या भीतीनं मी दुसऱ्यांच्या बश्यासुद्धा पुसल्यात!"

"म्हणून तर असा गोल झालास. आता ऐक. वाक्य चांगलं आहे, कुणाचं नुकसान नाही. मी खाली एक छोटी वेल काढते, संदर्भाची जागा भरून जाईल. कोण वर चढून बघतंय?"

बॉबिननं चिंधीनं हात पुसले. हसू विरत गेलं होतं. "रविवारी सांगावं लागेल, ताई."

"डोकंबिकं फिरलंय का? परवा निकाल आहे! कॉलेजात न गेलेला माणूस, शास्त्रात नाही ते शिकवतो, हेच ऐकायचंय पंचांना. पंचांतले पोस्टमनकाका तर टपूनच बसलेत."

"वाक्य चांगलंच आहे गं. पण मी त्याच्यावर देवाची सही ठोकली. लोकांनी माझ्याकडं बघून नाही, त्या सहीकडं बघून आमेन म्हटलं. आज आईच्या वाक्यावर ठोकली, उद्या माझ्या एखाद्या मतावर ठोकीन, परवा माझ्या रागावर. त्यांना कळायचं कसं?"

"नंतर सांग. निवड झाल्यावर."

"तेव्हा तर अजिबात तोंड उघडणार नाही मी. मला ओळखतेस ना?"

ओळखत होती, म्हणूनच तिला जास्त राग आला. "मग बस तुझ्या मशीनींना शिकवत!" असं म्हणून ती तरातरा निघाली. वाटेत तिला स्वतःचीच लाज वाटली. भावाच्या जागेसाठी भांडले हे खरं, पण त्यानं शास्त्र उघडून एकेक वचन तपासायला घेतलं तर तिचंही वचन निघेल, ही धास्तीसुद्धा तितकीच खरी होती. एकोणतीस वर्षं ज्या एका वाक्यावर ती उभी होती, ते वाक्य पायाखालून गेलं तर काय करायचं?

रविवारी सभागृह भरलं. पंच पहिल्या रांगेत. पोस्टमनकाका, म्हणजे निवृत्त झाले तरी अजून सगळ्यांची पत्रं उघडल्यासारखे बघणारे गृहस्थ, मांडीवर गुणांचा कागद घेऊन बसलेले. भिंतीवर चादर टाकलेली होती. पाळकसाहेबांनी ती ओढली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. खालचा कोपरा कोराच होता, वेलसुद्धा नव्हती. ताई शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसली.

"संदर्भ राहिला वाटतं," पोस्टमनकाका म्हणाले.

"राहिला नाही, काका. तो नाहीच आहे," बॉबिन म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "हे वचन शास्त्रात नाही. हे माझ्या आईचं म्हणणं आहे. मी न तपासता तुम्हाला देवाच्या नावानं सांगितलं."

पहिल्या रांगेतले पंच एकमेकांकडं बघू लागले.

"म्हणजे तुम्ही आम्हाला चुकीचं शिकवलंत?" काकांनी पेनाचं टोपण काढलं.

"हो. नकळत, पण हो. माझ्या बहिणीनं शोधलं म्हणून कळलं. मला माफ करा."

काकांनी कागदावर काहीतरी लिहिलं. ताईनं डोळे मिटून घेतले. झालं, संपलं सगळं, असं तिच्या मनात येतंय तोच मधल्या रांगेतून एक थरथरता आवाज आला. उशा शिवणाऱ्या काकू उठून उभ्या राहिल्या होत्या.

"काय रे बॉबिन, आमचे हे चाळीस वर्षं सांगत होते की नवऱ्याच्या घोरण्याबद्दल कुरकुर करू नये असं शास्त्रात आहे. ते तरी आहे का?"

सभागृह खदखदलं. बॉबिन हसला नाही. "मला तरी कुठं आढळलेलं नाही, काकू. पण असं तोंडावर नको. आपण मिळून बघू या." त्यानं शास्त्र उघडलं, लोकांनाही उघडायला लावलं, आणि पाच मिनिटांनी काकू म्हणाल्या, "वर गेल्यावर बघते त्यांच्याकडं."

मग बांधच फुटला. कुणाला सासऱ्यानं सांगितलेलं वचन तपासायचं होतं, कुणाला भिंतीवरच्या कॅलेंडरवरचं. मेव्हण्याशी सहा वर्षं अबोला धरलेला एक गवंडी मोठ्या आशेनं म्हणाला, "ते वारंवार माफ करायचं, मोजायचं नाही म्हणतात, ते पण कुणाच्या आईचंच असेल ना?"

"ते मात्र आहे," बॉबिन म्हणाला आणि पान काढून त्याच्यासमोर धरलं. गवंड्याचा चेहरा पडला. जे ठाऊक नव्हतं तिथं बॉबिन "मला माहीत नाही" म्हणत होता, आणि तेवढ्यांदा ते शब्द त्या सभागृहात कधी कुणी उच्चारले नव्हते. पाळकसाहेबांनी भिंतीकडं बोट करून विचारलं, हे पुसायचं का? काकूंनी त्यांनाच झापलं. "पुसता कशाला? खाली लिहा, एका इस्त्रीवाल्या आईचं म्हणणं. मग खरं झालं की नाही?" घड्याळात वर्गाची वेळ कधीच टळून गेली होती. पोस्टमनकाकांनी गुणांच्या कागदाची मागची बाजू वर केली आणि त्यावर आपल्या आजोबांचं एक वचन लिहून बॉबिनकडं सरकवलं.

ताईनं ते पाहिलं आणि तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. निकाल लागलाच होता, आता पंचांनी तो जाहीर केव्हाही करावा. तिचं काम झालं होतं, मुकाट बसून राहायला हरकत नव्हती. तरी ती उठली. का उठली, ते तिला सांगता आलं नसतं.

"एक माझंही आहे," ती म्हणाली. "थोरलीनं आधी धाकट्याचा हात धरावा, मग आपली वाट."

बॉबिननं पान उलटलं नाही. त्या दिवशी तेरा वर्षांचा बॉबिन कपड्यांच्या गाठोड्यावर बसून सगळं ऐकत होता, आणि ती ट्रंक उपसताना त्यानं पाहिली होती. सभागृहात कुणाला काही कळलं नाही. याच्याशी मिळतंजुळतं काहीतरी आहे, असं म्हणता आलं असतं त्याला. बहिणीसाठी एवढं तर कुणीही केलं असतं.

"ते नाहीये, ताई," तो म्हणाला. "शुक्रवारी तू गेल्यावर मी आधी तेच शोधलं. सगळीकडं शोधलं. नाहीये."

"नक्की?"

"नक्की."

ताई तशीच उभी राहिली. चित्रशाळेचा तो कागद, त्याच्यावरची तारीखसुद्धा तिला आठवली, आणि आत काहीतरी सणसणून दुखलं. ते दुखणं ती नाकारणार नव्हती. मग तिनं समोर पाहिलं. तेलाचे डाग पडलेली बोटं शास्त्राच्या पानावर ठेवून तिचा भाऊ उभा होता, आणि त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

"म्हणजे तुला मी कुणाच्या हुकमानं नाही वाढवलं," ती म्हणाली. "माझ्या मनानं वाढवलं."

बॉबिननं बाहीनं गाल पुसले. त्यानं मान डोलावली.

"बरं झालं सांगितलंस," ताई खाली बसत म्हणाली. "शिकव आता पुढं."