छपराचे दोन नमदे

मी खोटं बोलले होते, तेही तोंड न उघडता. नमदा म्हणजे लोकर दाबून केलेला जाड पट; त्याच्या कोपऱ्यावर खडूने फुली मारली की तो पास. आधी चिमटा काढून बघायचा, लोकर निघाली तर कच्चा. त्या आठवड्यात मी चिमटा न काढताच फुल्या मारत सुटले होते.

लोकर चटईवर पसरायची, वर उकळतं पाणी ओतायचं, चटईसकट गुंडाळी करून घोड्यामागे पुलापर्यंत तीन फेऱ्या ओढायची. मग बायकांनी गुडघ्यांवर बसून कोपरांनी दाबत लाटायची. आमच्या नारिन भागात नमदा असाच होतो. पण कारखान्याची मुख्य कान्यशाय, तिला आकड्यांचं वेड. तीनच्या दोन फेऱ्या झाल्या, दोनाची एक. लाटणंही निम्म्यावर आलं. आठवड्याला चाराऐवजी नऊ नमदे निघू लागले आणि आम्ही सगळ्या स्वतःवर खूश. मीसुद्धा, लपवू कशाला?

शनिवारी सकाळी मेंढपाळाची बायको सादात नवऱ्याबरोबर ट्रक घेऊन तंबूच्या छपराचे दोन नमदे न्यायला आली. बाळाचे चाळीस दिवस कालच भरलेले. बिऱ्हाड वरच्या कुरणावर चाललं होतं, जिथे मे महिन्यातही ओला बर्फ पडतो. ट्रकमध्ये चढवलेला नमदा थोपटत ती हातातल्या लेकीला म्हणाली, "याच्याखाली झोपायचं हं, राणी."

माझा हात आपोआप पुढे गेला. चिमटा काढला तर बोटांत लोकरीचा पुंजकाच आला. दुसऱ्यालाही तेच. मला स्वतःची किळस आली.

"कान्यशाय, दोन्ही कच्चे आहेत, गळतील. असे पाठवायचे नाहीत."

"फुली तुमचीच ना, एजे?" मी वयाने मोठी, म्हणून ती मला एजे म्हणते. रागातसुद्धा.

"माझीच. न बघता मारली."

"मग आता बघूनही गप्प बसा. ट्रक उभा आहे."

"हिला आजच बरं सुचलं!" लाटणाऱ्यांतली तोतुया ओरडली. "इथे आमची कोपरं सोलली, उलकान. तुझं काय, नुसती फुली मारायची!"

ते झोंबलं, कारण खरं होतं. गुडघा दुखतो म्हणून तीन वर्षं मी तपासणीच्या स्टुलावर बसून होते. मी नमद्याचं टोक धरून ओढलं. अर्धा बाहेर आला आणि अडकला. सादातने बाळ नवऱ्याच्या हातात दिलं आणि ट्रकवर चढून मागून रेटा दिला.

"छप्पर माझं आहे," ती म्हणाली. "कुणी रागावलं तर रागावू दे."

"घोडा मिळणार नाही," कान्यशायने सांगून टाकलं.

नाही तर नाही. चटई अंथरली, पाणी उकळलं, गुंडाळी बांधली आणि दोराला आम्ही दोघी लागलो. पहिल्या फेरीत सगळा गाव बघत होता. एका म्हाताऱ्याने विचारलं, "घोडी केव्हापासून डोक्याला रुमाल बांधायला लागली?" सादात हसली, मी नाही हसले. दुसऱ्या फेरीला तोतुया शिव्या देत आली आणि दोर खांद्यावर घेतला. तिच्यामागून आणखी चौघी आल्या.

दोन्ही नमदे लाटून होईस्तोवर ऊन कलायला लागलं. मी कान्यशायला हाक मारली. "ये, तूच चिमटा काढ."

तिने काढला, पुन्हा काढला. लोकरीचा एक तंतूही निघाला नाही. ट्रक गेला तेव्हा तिने माझ्याकडे न बघता सांगितलं, "सोमवारपासून तपासणीला दुसरी बाई बसेल."

"बसव. पण चिमटा काढणारी बसव."

सोमवारी मी लाटणाऱ्या बायकांच्या रांगेपाशी उभी राहिले आणि तोतुयाला म्हटलं, "सरक जरा."

"गुडघा दुखला म्हणून रडायचं नाही हं."

"रडणार," मी खाली बसत म्हटलं. "पण लाटता लाटता रडेन."