रा. रा. शलोमीथ

१९३१ साली मास्तराच्या नेमणुकीचं पत्र माझ्या नावानं आलं: ‘रा. रा. शलोमीथ दाऊद’. आता मी तर बाई. आम्हा बेने इस्रायलींच्या, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांच्या, शास्त्रात शलोमीथ नावाचे पुरुष आहेत नि बायकाही. कचेरीतल्या कारकुनाला दोन्ही ठाऊक नसणार. अनोळखी नाव दिसलं, त्यानं पुरुषाचा मान देऊन टाकला. मी ट्रंक उचलली आणि मंडणगडाहून थेट राजापूरच्या खाडीकाठचं ते गाव गाठलं. वडील गेल्यावर आमचा तेलाचा घाणा बंद पडला होता. ही नोकरी हुकली तर मला नि आईला काकांच्या दारात उभं राहावं लागलं असतं.

शाळा कमिटीचे आत्माराम खोत पत्रावर बोट ठेवून म्हणाले, “आम्ही मास्तर मागितला होता, बाई नाय. रा. रा. लिहिलंय इथं.”

“रा. रा. कारकुनानं लिहिलं. नाव माझ्या बापानं ठेवलं,” मी म्हटलं. “कचेरीला कळवा. उत्तर येईतो शाळा मी उघडते.”

उत्तराला पाच महिने लागले. शनिवार माझा शब्बाथ, विश्रांतीचा वार, म्हणून मी रविवारी वर्ग भरवी. त्यावरही खोत कुरकुरत. शेवटी कागद आला: बाईंना परत पाठवावं, मास्तर येत आहे. खोतांनी तो सगळ्या पालकांसमोर वाचला.

तेव्हा जनी उठली. तिचा नवरा काशीराम मुंबईला गोदीत. त्याची पत्रं आजवर खोतांचा कारकून वाचायचा, आणि संध्याकाळपर्यंत तिच्या घरातलं सगळ्या गावाला कळायचं. “माज्या घोवाचा कागद आता माजी पोरं वाचतात,” ती म्हणाली. “बाईस हलवलात तर पोरं शाळेत यायची नाय.” तिच्यामागून आणखी बाया उठल्या.

खोतांनी डोकं खाजवलं. “मग असं कळवतो, माझा गैरसमज झाला. शलोमीथ मास्तर पुरुषच आहेत.”

सगळे हसले. सुटका होती त्यात, मला मोहही झाला. पण त्याहून जास्त राग आला. पाच महिने पोरांना शिकवून घसा मी कोरडा केला होता, कुण्या मास्तरानं नव्हे.

“बाई आहे असंच लिहा,” मी म्हटलं. “आणि हीच हवी, असं लिहा.”

खोतांनी टाक दौतीत बुडवला. मग लिहिलं, सही केली, खाली जनीसकट सगळ्यांचे अंगठे घेतले.

महिन्याभरानं नवं नेमणूकपत्र आलं, ‘कुमारी’ लिहिलेलं. त्याच दिवशी मी आईला बोलावणं धाडलं, आणि काकांना एका ओळीचं पत्र टाकलं: आम्ही येत नाही.